अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या नातवंडांचे काय?

"अमक्याच्या घरचा मुलगा अमेरिकेला गेला," ही बातमी आता आपल्या वस्त्यांत पूर्वीइतकी नवलाची राहिलेली नाही. नागपूरचा इंदोरा घ्या, पुण्याचे येरवडा घ्या, वरळी-नायगावच्या बी. डी. डी. चाळींत वाढलेली कुटुंबे घ्या. मुलगा-सून किंवा लेक-जावई तिकडे आहेत असे एखादे घर सापडतेच. गिरणी कामगाराचा नातू, रेल्वेतल्या गँगमनची नात, आयुध निर्माणीतल्या फिटरचा मुलगा. कुणी संगणकाच्या कामावर कंपनीमार्फत गेले. कुणी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला गेले आणि तिकडेच नोकरीला लागले. त्यांचे आपण सत्कार केले, विहारात बोलावून पुष्पगुच्छ दिले. ते रास्तच होते.

आज मात्र त्यांच्याविषयी लिहायचे नाही. त्यांचे बोट धरून जी मुले गेली, त्यांच्याविषयी लिहायचे आहे. कुणी सहाव्या वर्षी गेले, कुणी दहाव्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. शाळेतला मित्र, गल्लीतले क्रिकेट, आजीच्या शेजारची झोपायची जागा, हे सारे एका रात्रीत मागे टाकून ती विमानात बसली. या मुलांविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचे बोलणे कानावर येते. एक म्हणजे, "मजा आहे बुवा त्यांची!" आणि दुसरे, "बिघडली ती पोरं, मराठीसुद्धा धड बोलत नाहीत." दोन्ही बोलणारे लोक प्रेमानेच बोलतात, पण त्या मुलांचा दिवस कसा जातो हे दोघांनाही ठाऊक नसते.

शाळेत एक, घरी दुसरे

अमेरिकेत सरकारी शाळा बारावीपर्यंत मोफत असते. घर ज्या भागात, त्या भागातल्या शाळेत नाव घालायचे. जातीचा दाखला मागत नाहीत, डोनेशन मागत नाहीत. कोपऱ्यावर पिवळी बस येते. इथवर सगळे चांगले आहे. मग हजेरी सुरू होते आणि मास्तरीणबाई नावापाशी अडखळतात.

आपल्या समाजात नावाची गोष्ट लहान नाही. धोंडू, दगडू, कचरू अशी नावे आपल्या पणजोबांच्या वाट्याला आली होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एका पिढीने ठरवून मुलांची नावे गौतम, राहुल, सिद्धार्थ, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा अशी ठेवली. तोच सिद्धार्थ तिकडे महिन्याभरात 'सिड' होतो. 'प्रज्ञा' तर त्या जिभेला झेपतच नाही. मुलाला त्यात अपमान वाटत नाही. रोज दहा वेळा नाव दुरुस्त करून सांगण्यापेक्षा हे बरे, असा त्याचा साधा हिशेब असतो. पण फोनवर मागून कोणीतरी "सिड!" म्हणून हाक मारते, ती इकडे आजीच्या कानावर पडते आणि तिला वाटते, हा कोण?

नावानंतर वागणूक. मोठ्यांशी बोलताना मान खाली घालावी, उलट बोलू नये, असे घरी शिकवलेले असते. तिकडच्या शाळेत डोळ्याला डोळा न देणारा मुलगा काहीतरी लपवतो आहे असे समजतात. वर्गात हात वर करून बोलण्याला, मास्तरांचे म्हणणे पटले नाही तर तसे सांगण्याला गुण असतात. आपला मुलगा आदराने गप्प बसतो आणि प्रगतिपुस्तकावर शेरा येतो की हा वर्गात भाग घेत नाही. सहा महिन्यांनी तो बोलायला शिकतो. मग तेच बोलणे तो घरी घेऊन येतो आणि बापाला विचारतो, "पण का? कारण सांगा ना!" बापाला वाटते, पोरगे उद्धट झाले. वास्तविक "कारण सांगा" हा प्रश्न आपल्या घरात तरी कुणाला खटकायला नको. तथागतांनी कालामांना कुणाचेही म्हणणे तपासल्याशिवाय मानू नका असे सांगितले, हे आपणच मुलांना सांगत असतो.

आणखी एक गंमत. शाळेत नाव घालताना 'घरी कोणती भाषा बोलता?' असा एक फॉर्म भरून घेतात. 'मराठी' लिहिले की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. इकडे इंग्रजी माध्यमात पहिला-दुसरा येणारा मुलगा उच्चार निराळे असल्यामुळे कधी कधी इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वेगळ्या तासाला बसवला जातो. मुले हुशार असतात. चार-सहा महिन्यांत ती तिकडचा हेल उचलतात, इतका की फोनवर ओळखू येत नाहीत. घरात पाऊल टाकले की मराठी, दार ओलांडले की इंग्रजी. आणखी दोन वर्षांनी घरातही आई मराठीत बोलते आणि मूल इंग्रजीत उत्तर देते. त्याला मराठी समजते सगळे, पण ओठांवर येत नाही. अशा मुलाला "मराठी विसरला" म्हणणे अन्यायाचे आहे. ऐकून समजणारी भाषा मेलेली नसते. बोलायला माणूस मिळाला की ती पुन्हा फुटते.

डब्याची कथा तर तिकडे वाढलेली बहुतेक भारतीय मुले सांगतात. भाजी-चपातीचा किंवा सुकटीचा वास आला की शेजारचे नाक मुरडते. मग "आई, उद्यापासून सँडविच दे." आईला वाटते, माझ्या हातचे नको झाले. हे दुःख छोटे दिसते, पण रोजचे असते.

याच काळात घरात एक उलटापालट होते, तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. बाप कामावर, आईला फोनवरचे भराभर इंग्रजी समजत नाही. मग विमा कंपनीशी, घरमालकाशी, डॉक्टरच्या कचेरीशी बारा वर्षांचा मुलगा बोलतो. आई-बापाची अडचण, पैशाची ओढ, कुणी फोनवर केलेली हेटाळणी, हे सारे त्याच्या तोंडून जाते आणि त्याच्या कानातून येते. आपल्याकडे अशी मुले आपण पाहिलेली आहेत. बापाला सही येत नाही म्हणून तलाठ्याच्या कचेरीत अर्ज वाचून दाखवणारा चौथीतला पोरगा तो हाच. देश बदलला एवढेच.

सुटकेसमधला भारत

जो माणूस ज्या साली देश सोडतो, त्या सालचा देश तो सुटकेसमध्ये भरून नेतो. २००० साली गेलेल्या बापाच्या डोक्यात भारत म्हणजे २००० सालचाच. मुलीने किती वाजता घरी यावे, काय घालावे, कुणाशी बोलावे, हे सगळे त्याच सालचे नियम. इकडे नागपुरात तिची मामेबहीण स्कूटी घेऊन शिकवणीला जाते, रात्री नऊला येते, पसंतीने लग्न ठरवते. सुट्टीत आलेली मुलगी हे पाहते आणि चक्रावते. "भारतात असं चालत नाही," असे बाबा रोज सांगतात, मग हा कुठला भारत?

याचा जाच मुलींना अधिक होतो, हे स्पष्ट लिहायला हवे. मुलगा मित्राकडे रात्री राहिला तर चालते, मुलीला मैत्रिणीकडे एक रात्र राहण्यासाठी आठवडाभर विनवण्या. शाळा संपताना तिकडे मुला-मुलींचा नाचाचा समारंभ असतो, त्यावरून घराघरांत अबोले होतात. आई-बापाची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. अनोळखी देशात मुलगी हातातून जाईल ही भीती कुणालाही वाटेल. पण भीती मुलीसाठीच का, मुलासाठी का नाही? हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचा फोटो ज्या घरात आहे, तिथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मुलांची कोंडी दुहेरी असते. अमेरिकेतच जन्मलेल्या भारतीय मुलांना आपल्या लोकांनी 'ए-बी-सी-डी' असे हिणवणारे नाव ठेवले. त्याचा अर्थ, तिकडे जन्मलेला, गोंधळलेला देशी. तीच मुले पुढे नव्याने आलेल्या भारतीय मुलाला 'एफ-ओ-बी' म्हणजे आत्ताच बोटीवरून उतरलेला, असे म्हणून हसतात. दहाव्या वर्षी गेलेला मुलगा या दोघांच्या मध्ये सापडतो. तिकडे तो 'इंडियन', इकडे आला की चुलत भावंडांत तो 'अमेरिकन'. आणि गोऱ्या समाजाचे वागणे नेहमीच गोड असते असेही नाही. १९८७ साली न्यू जर्सीतील जर्सी सिटी भागात भारतीयांना मारहाण करणारी एक टोळी उघड पत्र लिहून धमक्या देत होती. बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून तिने आपले नाव ठेवले होते. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये एक पारशी तरुण जमावाच्या मारहाणीत मेला. मारणाऱ्यांना भारतीय, पारशी, बौद्ध असला काही फरक ठाऊक नव्हता.

भारतीय संस्कृती, पण कोणाची?

तिकडे भारतीयांना सहज प्रवेश कधीच नव्हता. १९१७ च्या कायद्याने आशियातील मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी झाली. १९२३ साली भगतसिंग थिंड यांचा खटला तिकडच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना व आफ्रिकी वंशाच्यांना मिळत असे. थिंड यांच्या बाजूने मांडले गेले की ते उच्च जातीचे, आर्य वंशाचे, म्हणून गोरेच समजावेत. न्यायालयाने ते फेटाळले. परक्या देशात हक्क मागायला गेलेला माणूससुद्धा हातात जात घेऊन उभा राहिला! १९४६ च्या कायद्याने वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांना येण्याची मुभा मिळाली. दार खरे उघडले ते १९६५ च्या कायद्याने आणि १९९० च्या कायद्यातून एच-वन-बी व्हिसा आला तेव्हा संगणकवाल्यांची रांग लागली. आज भारतीय वंशाचे पन्नास लाखांहून अधिक लोक तिकडे आहेत.

साहजिकच आधी पोहोचलेल्यांनी मंडळे काढली. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे आहे आणि उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात. ते काम मोलाचेच आहे. परंतु आपला मुलगा तिथे मराठी शिकायला जातो तेव्हा अ-आ-ई बरोबर आरती, पूजा, मुंजीचे निमंत्रण हेही 'आपली संस्कृती' म्हणून त्याच्या पुढ्यात येते. घरी बुद्धवंदना, भिंतीवर बाबासाहेब. मुलगा विचारतो, "मग आपण इंडियन नाही का?" म्हणून म्हणतो, आपल्या मुलांपुढे दोन संस्कृती नसतात, तीन असतात. बाहेरची अमेरिका, मंडळातला भारत आणि घरातला भारत.

कांबळे, मेश्राम, गजभिये ही आडनावे अमेरिकन मास्तरीणबाईंना काहीही सांगत नाहीत. शेजारच्या मराठी कुटुंबाला सगळे सांगतात. पॉटलकच्या जेवणात, म्हणजे प्रत्येकाने आपापला पदार्थ आणायच्या जेवणात, कुणी गोडीत विचारते, "तुम्ही मूळचे कुठले? कुलदैवत कोणते?" काही आई-बाप मग मुलांना बजावतात, आडनाव विचारले तर सांगू नको, भिंतीवरचा फोटो पाहुणे यायच्या आत काढून ठेव. मुलाच्या मनावर याचा काय परिणाम होत असेल? शाळेत त्याला शिकवतात की आपली ओळख अभिमानाने सांगावी, आणि घरी तीच लपवायला सांगतात.

कॅलिफोर्नियात सहावीच्या इतिहासात प्राचीन भारताचा धडा आहे. त्यात बुद्ध आहेत, सम्राट अशोक आहेत आणि जातिव्यवस्थाही आहे. हा मजकूर बदलावा, सौम्य करावा म्हणून काही हिंदू संघटनांनी २००५-०६ मध्ये व पुन्हा २०१६ मध्ये जोर लावला. दलित संघटना व अनेक अभ्यासकांनी विरोध केला. मोठ्यांच्या या भांडणात एक लहान गोष्ट राहून जाते. तो धडा चालू असताना सारा वर्ग वळून एका भारतीय मुलाकडे पाहतो आणि विचारतो, "तू कोणत्या जातीचा?" अकरा वर्षांच्या पोराने काय सांगावे? घरी त्याला कुणी काही सांगितलेलेच नसेल तर तो गडबडून काहीतरी खोटे सांगतो आणि पुढे कित्येक वर्षे ते खोटे निभावतो.

या बाबतीत वाट काढली ती बरीचशी तरुणांनीच. २०१९ च्या अखेरीस ब्रँडाइस विद्यापीठाने भेदभावबंदीच्या नियमात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ च्या जानेवारीत तेच केले. त्यासाठी विद्यार्थ्यांनी धडपड केली आणि त्यांत नेपाळहून आलेला एक दलित विद्यार्थी पुढे होता. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल शहराच्या कौन्सिलने जातिभेदावर बंदी घातली. असे करणारे ते तिकडचे पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असेच विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते परत पाठवले. आधीच्या कायद्यांत हे येतेच, असे कारण त्यांनी दिले. कारण पटो न पटो, एका मोठ्या राज्याच्या सभागृहात आपल्या मुलांनी उभे राहून आपली जात, आपले अनुभव नावानिशी सांगितले. फोटो लपवणाऱ्या आई-बापांच्या मुलांसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरीही बाजू आहे आणि ती सुखाची आहे. शाळेत व्हिएतनामी, थाई, कोरियन, श्रीलंकेची मुले असतात आणि त्यांतली पुष्कळ बौद्ध असतात. आपला मुलगा "मी बौद्ध आहे" म्हणाला की अमेरिकन मुलगा म्हणतो, "इंडियन तर हिंदू असतात ना?" पण व्हिएतनामी मुलगा म्हणतो, "आम्हीपण." इकडच्या शाळेत या ओळखीबरोबर जो एक नजरेचा खडा येत असे, तो तिथे येत नाही. वैशाखी पौर्णिमेला मित्राच्या विहारात जाता येते. भाषा कळत नाही, पण 'बुद्धं सरणं' म्हटलेले कळते.

१९१३ चा एक विद्यार्थी

परदेशात मोकळे जगून परत घरच्या जातीच्या भिंतीवर आपटणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. जुलै १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला उतरला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती, घरी पत्नी आणि तान्हे मूल. वसतिगृहातले जेवण मानवले नाही म्हणून जागा बदलली आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ती मैत्री जन्मभर टिकली. कोलंबिया विद्यापीठात सर्वांबरोबर बसणे, सर्वांच्या टेबलावर जेवणे, ग्रंथालयात दिवसभर वाचणे. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथे जातिसंस्थेवर आपला निबंध वाचला. त्यात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांचा दाखला दिला आहे. केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोश करणारे, तेही अमेरिकेतच शिकलेले. हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे जातीचा प्रश्न घेऊन जाईल, हा तो दाखला. सिअ‍ॅटलच्या ठरावाआधी एकशे सात वर्षे!

बाबासाहेबांनी पुढे आठवणी लिहिल्या, तेव्हा कबूल केले की परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला उतरले आणि स्टेशनवरच प्रश्न पडला, राहायचे कुठे? पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत खोली घेतली. काही दिवसांतच काठ्या घेतलेली माणसे दारात आली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताला त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही गोड शब्दांत टाळले. मुंबईची गाडी रात्री होती, तोवर ते बागेत बसून राहिले. ज्याचा खोलीतला सोबती पारशी होता, त्यालाच पारशांच्या धर्मशाळेतून बाहेर काढले गेले.

तिकडे वाढलेल्या नातवाला ही आठवण अवश्य सांगावी. आपल्या आजोबांच्या आजोबांचे दुःख म्हणून नुसते सांगू नये. त्याच्याच वयाच्या, त्याच्याच शहरात राहिलेल्या, दोन जगांत वावरलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट म्हणून सांगावी.

एकविसावा वाढदिवस

बाबासाहेबांना परतावे लागले ते शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून. आजच्या पुष्कळ मुलांपुढे परतण्याची टांगती तलवार असते ती एका वाढदिवसामुळे. इकडच्या नातेवाइकांना हे बहुधा माहीतच नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बाप किंवा आई एच-वन-बी वर असली की मुलांना एच-फोर हा अवलंबितांचा व्हिसा मिळतो. त्यावर शिकता येते, काम करता येत नाही. तिकडे सोळा वर्षांची मुले, पैसेवाल्यांचीसुद्धा, उन्हाळ्यात दुकानात, हॉटेलात काम करून हातखर्च काढतात. त्यात कमीपणा मानत नाहीत, ही तिकडची घेण्याजोगी गोष्ट. आपल्या मुलाला ती मुभा नाही. वर्गमित्रांना तो काहीतरी सबब सांगतो.

कायमचे राहायचे तर ग्रीन कार्ड हवे. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे असतात आणि बायको-मुलेही त्याच आकड्यात मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा अधिक नाहीत. छोट्या देशाला आणि भारताला मर्यादा सारखीच. त्यामुळे भारतीयांची रांग अफाट लांबली. २०२५ मध्ये नेहमीच्या दोन गटांत २०१३ च्या सुमारास अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. आता हिशेब करा. २०१३ साली आठ वर्षांचा असलेला मुलगा २०२६ मध्ये एकवीस वर्षांचा होतो. बापाचा अर्ज २०१५ चा असेल तर नंबर आलेला नाही. आणि एकविसाव्या वाढदिवसाला मुलगा कायद्याच्या दृष्टीने 'मूल' राहत नाही. बापाच्या फायलीतून त्याचे नाव गळते. २००२ च्या एका कायद्याने अर्जाच्या तपासणीचे काही महिने वयातून वजा होतात, पण तेवढ्याने बहुतेकांचे भागत नाही.

मग त्याने काय करायचे? परदेशी विद्यार्थ्याचा एफ-वन व्हिसा घ्यायचा. अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याची दामदुप्पट फी भरायची. आणि तो व्हिसा मागताना सांगायचे की शिक्षण संपल्यावर मी माझ्या देशी परत जाणार आहे. कोणत्या देशी? ज्या घरातून तो आठव्या वर्षी निघाला, ते घरही कदाचित आता राहिलेले नसेल. चाळ पाडून तिथे टॉवर झाला असेल. शिक्षण झाल्यावर पुन्हा नोकरी, पुन्हा एच-वन-बी ची सोडत, पुन्हा रांगेच्या शेवटी, बाप जिथून निघाला तिथूनच.

त्यातही एकाच घरात थोरला भाऊ एच-फोर वर आणि तिकडे जन्मलेली धाकटी बहीण अमेरिकेची नागरिक, असे असते. ती पुढे कुठेही नोकरी करील, मत देईल. त्याला एकविसाव्या वर्षी सामान बांधावे लागेल. दोघे एकाच टेबलावर जेवतात. कागदपत्रांविना आलेल्या मुलांना २०१२ पासून काही प्रमाणात संरक्षण मिळाले, पण रीतसर व्हिसावर आलेली ही मुले त्यात बसत नाहीत. कायद्याने आलो हाच जणू गुन्हा! अशा मुलांची संख्या दोन लाखांहून अधिक असावी असा त्यांच्या संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांत भारतीय सर्वांत जास्त. त्यांच्यासाठी २०२१ पासून अमेरिकन संसदेत विधेयक मांडले गेले, पण आजवर ते पार पडलेले नाही.

आपल्या कुटुंबांना याची झळ अधिक बसते. आपले लोक उशिरा शिकले, उशिरा गेले, म्हणून रांगेतही मागे. पाठीशी इस्टेट नाही, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याची फी भरायची तर कर्ज. म्हणून नातू अठरा-एकोणीस वर्षांचा असताना फोनवर त्रासलेला वाटला, तर "श्रीमंतीची नाटकं" म्हणू नये. त्याच्या व्हिसाचे काय झाले, हे एकदा सुनेला नीट विचारावे.

सुट्टीत येतील तेव्हा

तिकडच्या शाळांना सुट्टी जून ते ऑगस्ट. त्यामुळे १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर, तिन्ही मुलांना हुकतात. ती येतात ऐन पावसाळ्यात. आल्या आल्या नातलगांची परीक्षा सुरू होते. "मराठीत बोलून दाखव." "मामाला ओळखलंस का?" बोबड्या मराठीला सगळे हसतात आणि मूल पुन्हा इंग्रजीत शिरते. हसू नये, एवढे साधे पथ्य पाळले तरी पुष्कळ होईल. फोनचेही तसेच. न्यूयॉर्कच्या बाजूला आपल्याहून साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा. कॅलिफोर्नियात आणखी तीन तास मागे. आपली सकाळ ती त्यांची रात्र, मुले दमलेली असतात. रविवारी आपण रात्री साडेआठ-नऊला फोन केला तर न्यूयॉर्ककडच्यांची सकाळ असते आणि पोरे जागी असतात.

पावसाळ्यात यायचा एक फायदाही आहे. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि आपल्या विहारांतून संध्याकाळी बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचे वाचन चालते. नातवाला मराठी वाचता येत नाही म्हणून त्याला मोबाईल देऊन घरी बसवतात. वास्तविक हा ग्रंथ बाबासाहेबांनी मुळात इंग्रजीतच लिहिला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो निघाला आणि आपण वाचतो ते त्याचे भाषांतर. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांत तो अकरावा खंड आहे. बडोद्याची हकीकत बाराव्या खंडात, आणि कोलंबियात वाचलेला निबंध पहिल्यात. म्हणजे जे पान आजी भाषांतरात वाचते, ते नातू मुळातून वाचू शकतो. विहारात आजीने मराठी पुस्तक धरावे, शेजारी नातवाने इंग्रजी. एखादे वाक्य आजीला अडले तर नातवाने मुळात काय आहे ते पाहून सांगावे, तोडक्या मराठीत का होईना. प्रज्ञा, शील, करुणा, मैत्री हे शब्द त्याला इंग्रजी पुस्तकातही तसेच सापडतील. त्यांचे उच्चार मात्र त्याने आजीकडून घ्यावेत.